मावठा आणि मोजणीची साखळी

ज्या शहरात कधी बर्फ पडत नाही, त्या शहराच्या हिवाळी वादळांचा इतिहास सांगू लागणे प्रथमदर्शनी थोडे चमत्कारिक वाटेल. हिवाळ्यातील वादळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे उत्तर अमेरिकेतील महासरोवरांचा प्रदेश उभा राहतो. तेथे ध्रुवाकडून येणारी कोरडी, गोठवणारी हवा सरोवराच्या त्या मानाने उबदार असलेल्या पाण्यावरून वाहते. वाहता वाहता ती ऊब आणि बाष्प उचलते, आणि पलीकडच्या किनाऱ्यावर चढताच तो सगळा भार हिमाच्या रूपाने टाकून देते. ईरी सरोवराच्या पूर्व टोकावरील बफेलो शहराने या हिमवर्षावाची किंमत पुनःपुन्हा मोजली आहे. १९७७ च्या जानेवारीत तर सरोवर आधीच गोठून गेले होते, आणि त्या गोठलेल्या पृष्ठभागावर साचलेला भुसभुशीत हिमच वाऱ्याने उचलून शहरावर लोटला. २०२२ च्या डिसेंबरात त्याच परिसरात चाळीसांहून अधिक माणसे अशाच वादळात दगावली.

जबलपूरही तलावांचे शहर आहे. येथे बावन ताल होते अशी लोकांची परंपरागत समजूत आहे. राणीताल दुर्गावती राणीचा, अधारताल तिचा मंत्री अधार कायस्थ याचा, आणि चेरीताल तिच्या दासीचा, असे आजही सांगितले जाते. परंतु हे ताल म्हणजे गढ्याच्या गोंड राज्याने पावसाचे पाणी अडवून केलेले जलाशय. हवेची प्रकृती बदलण्याइतका त्यांचा विस्तार नाही. सरोवरावरून वाहणाऱ्या वाऱ्याला हिमाचे भांडार भरून घ्यायचे असेल, तर त्याला कित्येक कोसांचे उघडे पाणी लागते. तेव्हा जबलपूरच्या हिवाळी वादळाचा उगम त्याच्या तलावांत शोधून सापडायचा नाही. तो पुष्कळ दूर, भूमध्य समुद्राच्या बाजूला आहे.

हिवाळ्यात त्या बाजूला उत्पन्न होणारे कमी दाबाचे आवर्त इराण आणि अफगाणिस्तान ओलांडून पूर्वेकडे सरकतात. हवामानशास्त्रज्ञ त्यांना पश्चिमी विक्षोभ म्हणतात. काश्मीर आणि हिमाचल या पहाडी मुलुखांत ते हिम टाकतात, पंजाबच्या मैदानात पाऊस देतात. त्यांचा पट्टा कधी अधिक दक्षिणेकडे उतरतो, आणि त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून किंवा अरबी समुद्राकडून दमट हवा आत ओढली जाते. असे झाले म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात पौष-माघात पाऊस पडतो. सिमल्याच्या छपरांवर जे हिम होऊन उतरते, तेच वादळ जबलपूरच्या शेतावर पाणी होऊन येते.

या पावसाला मध्यप्रदेशात मावठा म्हणतात. उत्तरेकडे त्यालाच महावट म्हणतात. आपण मराठी माणसे हिवाळ्यातील पावसाला सरसकट ‘अवकाळी’ म्हणून मोकळे होतो. त्या शब्दातच तक्रार आहे. मावठा या शब्दात तक्रार नाही. तो ज्याची वाट पाहिली जाते अशा पाहुण्याचे नाव आहे. असे का, हे समजण्यासाठी येथील शेतीची रीत पाहिली पाहिजे.

जबलपूर, पाटण आणि सिहोरा यांच्या आसपासच्या काळ्या मातीच्या सपाट मुलुखाला हवेली असे नाव आहे, आणि हा मुलुख पुढे नरसिंहपूरपर्यंत पसरलेला आहे. येथे शेताच्या चारी बाजूंनी मातीचे उंच बांध घालून सारा पावसाळाभर पाणी अडवून ठेवीत. श्रावण-भाद्रपदात हा प्रदेश पाहणाऱ्याला शेते दिसत नसत, एकामागून एक तळीच दिसत. आश्विनाच्या सुमारास बांध फोडून पाणी सोडून द्यायचे, आणि तणाचा नायनाट होऊन आतपर्यंत भिजलेल्या त्या मातीत गहू पेरायचा. विहिरीचे पाणी नाही, कालवा नाही. मातीने पोटात साठवलेली ओल, रात्रीचे दंव, आणि नशिबाने साथ दिली तर एखादा मावठा, एवढ्यावर पीक काढायचे. मार्गशीर्षाच्या अखेरीस किंवा पौषात एक सर चांगली पडली की गव्हाला फुटवे फुटत आणि शेतकऱ्याचे वर्ष सुखाचे जाई.

परंतु या पाहुण्याचे येणे वेळेवर आणि बेताचे असावे लागते. तो आठवडाभर मुक्काम ठोकून बसला, तर काळ्या मातीतले पाणी निचरत नाही आणि पिकाच्या मुळांचा जीव गुदमरतो. तो माघ-फाल्गुनात आला, म्हणजे खालची हवा तापू लागलेली असते आणि वरून पश्चिमेची अतिथंड हवा वाहत असते. अशा वेळी ढग उंच उंच चढतात. त्यांतील जलबिंदू वर फेकले जाऊन गोठतात, खाली येतात, पुन्हा वर उचलले जातात, आणि थरावर थर चढून गारा होतात. ओंबीत दाणा भरत आलेला गहू पाव घटकेत भुईसपाट होतो. वादळ निघून गेल्यावर आकाश निरभ्र होते, उत्तरेचा वारा सुटतो आणि रात्री जमिनीतली ऊब मोकळी उडून जाते. मग पडतो तो पाला. मराठी माणसाच्या कानाला पाला म्हणजे झाडाची पाने. जबलपूरच्या शेतकऱ्याच्या तोंडी पाला म्हणजे गोठलेले दंव. सकाळी तूर, वाटाणा आणि मसूर कढत पाण्यात बुडवून काढल्यासारखी काळवंडलेली दिसतात.

आणि या सर्वांहून भयंकर असे चौथे संकट आहे, ते म्हणजे तांबेरा. हिंदीत त्याला गेरुआ म्हणतात. आभाळ दिवसेंदिवस ढगाळ राहिले, हवा दमट आणि उबदार झाली, की गव्हाच्या पानांवर व ताटांवर तांबूस पुळ्या उठतात. शेतातून चालणाऱ्याच्या कपड्यांना गेरूसारखी भुकटी लागते. पीक उभे असते, परंतु ओंबीत दाण्याच्या जागी सुरकुतलेले फोलपट तेवढे राहते. गारपीट डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. तांबेऱ्याचा आवाज होत नाही. म्हणूनच त्याचे कारण कोणते, या प्रश्नाने माणसाच्या मनाला फार दिवस छळले.

या प्रश्नावर नर्मदेच्या मुलुखात झालेले एक संभाषण आपल्या सुदैवाने लिहून ठेवलेले आहे, आणि त्यातील एक बोलणारा मराठी आहे. १७८१ मध्ये गढा-मंडल्याचे गोंड राज्य सागरच्या मराठ्यांच्या हाती गेले, पुढे जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे आले, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते घेतले. त्यानंतरच्या अंमलदारांत विल्यम स्लीमन हा एक होता. ठगांच्या बंदोबस्तामुळे त्याचे नाव सर्वश्रुत आहे. मात्र जबलपूरच्या गव्हावर १८३० च्या आगेमागे ओळीने पडलेल्या तांबेऱ्याचाही तो साक्षी होता. मैलोगणती अखंड पसरलेला गहू कापणीच्या लायकीचा राहिला नाही, हे त्याने स्वतः पाहिले होते. १८३५ च्या नोव्हेंबरात तो जबलपूरहून हिमालयाच्या वाटेने निघाला. त्या प्रवासाचे त्याने लिहिलेले पुस्तक १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले.

वाटेत त्याला सागरकडचे एक मराठे जहागीरदार भेटले, देवरीचे रामचंद्रराव. सगळा मुलुख त्यांना ‘श्रीमंत’ म्हणून ओळखी. स्लीमनच्या कानाने त्या शब्दाचे ‘सरीमंत’ केले. बोलणे गव्हावरच्या या अरिष्टाकडे वळले. श्रीमंतांनी लोकांच्या मनातील कारणे सांगितली. आरंभी लोकांना वाटले की नव्या राज्यात व्यभिचार वाढला, त्याचे हे फळ. पुढे बहुतेकांचे मत निराळे झाले. सरकार वारंवार जमिनीची मोजणी करते आणि शेत किती सारा देऊ शकेल हे पाहण्यासाठी उभ्या पिकाची पाहणी करते, हा त्यांच्या मते खरा अपराध होता. भूमी ही राजाची माता. ती आपण होऊन देईल ते पुत्राने घ्यावे. पुत्र तिच्याकडे लोभाच्या दृष्टीने पाहू लागला, तर ती वांझ होते, किंवा ईश्वर गारा आणि तांबेरा धाडून तिने दिलेले हिरावून घेतो. श्रीमंत स्वतः या कारणाने आपल्या जहागिरीत अशा मोजणीच्या वाटेस जात नसत. त्यांनी एवढेही कबूल केले की सरकारचा हेतू साऱ्याचा भार सर्वांवर सारखा वाटावा असाच असावा. परंतु मोजणी करायचीच असेल तर ती हलक्या हुद्द्याच्या माणसांकडून करवावी, म्हणजे देवाचा रोष कमी होईल, असा त्यांचा सल्ला होता.

या संभाषणाकडे दोन रीतींनी पाहता येते. हवामानाची मीमांसा म्हणून ते टिकत नाही. शंकुसाखळी जमिनीवर पसरली म्हणून आकाशातून गार पडत नाही, हे सांगायला शास्त्रज्ञ नको. परंतु ज्या लोकांनी हे कारण शोधले, त्यांना एक गोष्ट अचूक जाणवली होती. पीक बुडाले म्हणजे केवळ धान्य जात नाही. त्या धान्यावर आधीच लिहून ठेवलेला आकडा मात्र राहतो. मागची राजवट दयाळू होती असे मुळीच नाही. तिच्या वसुलीच्या कहाण्याही कमी कठोर नाहीत. तथापि जुन्या पद्धतीत पीक पाहून घासाघीस होई, सूट मागता येई, वेळ मारून नेता येई. मोजून, प्रत लावून ठरवलेल्या आकाराशी असे बोलणे चालत नाही. गार कोठे पडेल याचा नेम नसतो, आणि हप्ता कोणत्या तारखेला द्यायचा हे मात्र पक्के असते. या दोहोंच्या मध्ये शेतकरी सापडतो.

श्रीमंतांच्या त्या भाकितवजा बोलण्याची खरी कसोटी साठ वर्षांनी लागली. मध्यंतरी जबलपूरचे रूप पार पालटले होते. १८६७ मध्ये अलाहाबादकडून रेल्वे आली, आणि १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून आलेला लोहमार्ग तिला येथेच मिळाला. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला होता. हवेलीचा गहू आता मुंबईच्या बंदरातून विलायतेला जाऊ लागला. भाव चढले, आणि जमिनीला किंमत आली. १८६० च्या दशकात तीस वर्षांसाठी बांधून दिलेली आकारणी संपत आली होती. वाढलेले भाव आणि वाढलेली लागवड डोळ्यांपुढे ठेवून नवी आकारणी झाली, आणि आकडे वर गेले. मालगुजाराने सरकारला देण्याचे वाढले, तसे कुळाने मालगुजाराला देण्याचेही वाढले. चांगल्या सालाच्या हिशेबाने भावी सालांचे देणे ठरले.

आणि नेमकी तेव्हाच हवा फिरली. १८९३ ते १८९५ या काळात हिवाळ्यातील पाऊस अतोनात पडला. सागर, दमोह आणि जबलपूर या गव्हाच्या जिल्ह्यांत तांबेऱ्याने पिके पुनःपुन्हा खाऊन टाकली. शेतकऱ्याजवळचे बियाणे संपले. पुढच्या पेरणीसाठी त्याने सावकाराकडून सवाई-दिढीने दाणे उचलले, आणि त्याही पेरणीचे फोलपट झाले. १८९६ साली पावसाळा लवकर आटोपला, खरीप करपले, आणि १८९७ चा दुष्काळ आला. तीनच वर्षांनी छप्पन्नचा काळ, म्हणजे संवत १९५६ चा दुष्काळ येऊन ठेपला. १८९१ च्या शिरगणतीत जबलपूर जिल्ह्यात सुमारे ७ लाख ४८ हजार माणसे होती. १९०१ मध्ये ती सुमारे ६ लाख ८० हजार भरली. जी दहा वर्षे वाढीची असायची, त्यांत दर अकरा माणसांमागे एक माणूस कमी झाले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. दुष्काळ म्हणजे पावसाचा अभाव, हे समीकरण आपल्या मनात इतके घट्ट बसले आहे की अतिवृष्टीने सुरू झालेला दुष्काळ आपल्याला ओळखूच येत नाही. जबलपूरची माणसे १८९७ मध्ये मेली. परंतु त्यांच्या कणग्या रिकाम्या होऊ लागल्या त्या त्याआधीच्या ओल्या हिवाळ्यांत. पहिल्या वर्षीच्या नुकसानीने कोणी मरत नाही. दागिना गहाण पडतो, बैल विकला जातो, बियाण्याचे दाणे शिजवले जातात. दुष्काळाचे वर्ष येते तेव्हा घरात विकायला काही उरलेले नसते. रमेशचंद्र दत्त यांनी १९०० मध्ये लॉर्ड कर्झनला जी खुली पत्रे लिहिली, त्यांत मध्यप्रांतातील भारी आकारणीवर बोट ठेवले होते. १९०२ मध्ये सरकारने ठरावाच्या रूपाने त्याला उत्तर दिले, आणि दुष्काळाचे कारण सारा नसून पर्जन्य आहे अशी बाजू मांडली. वाद कडाक्याचा झाला. जबलपूरपुरते पाहिले तर दोन्ही पक्षांची कारणे एकमेकांत गुंतलेली होती. हवेने शेतकऱ्याला पाडले हे खरेच. पण पडलेल्याला उठायला लागणारा अवधी आकारणीने ठेवला नव्हता.

तांबेऱ्याचे शास्त्रीय कोडे विसाव्या शतकात उलगडले, आणि ते आग्र्याच्या महाविद्यालयातील एका भारतीय अध्यापकाने उलगडले, हे अभिमानाने सांगितले पाहिजे. करमचंद मेहता यांनी अनेक वर्षे मैदाने आणि पहाड पालथे घालून दाखवून दिले की उत्तर व मध्य भारताच्या मैदानातील वैशाख-ज्येष्ठाच्या उन्हात तांबेऱ्याचे बीज जगू शकत नाही. ते थंड डोंगरांत तग धरते आणि दर साली वाऱ्यावर स्वार होऊन मैदानात उतरते. पुढच्या संशोधकांनी १९७० च्या दशकात असे दाखवले की मध्य भारतात ताटावरचा तांबेरा मुख्यतः दक्षिणेकडील निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांतून येतो. हेमंताच्या आरंभी बंगालच्या उपसागरात उठणारी वादळे ते सूक्ष्म बीज उत्तरेकडे आणतात, आणि पाऊस ते शेतावर धुऊन उतरवतो. पूर्वेचा वारा सुटला की गेरुआ येतो, असे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आला होता. त्याच्या निरीक्षणात तथ्य होते. वाऱ्यात काय असते ते दिसायला तेवढे सूक्ष्मदर्शक यंत्र हवे होते.

ज्ञान झाले म्हणून संकट लगेच टळले नाही. १९४६-४७ च्या हिवाळ्यात मध्य भारतात तांबेऱ्याची मोठी साथ आली आणि अंदाजे वीस लाख टन गहू नष्ट झाला. देश स्वतंत्र होण्याच्या उंबरठ्यावर होता, आणि शहरांत धान्याचे नियंत्रण चालू होते. त्यानंतर रोगाला दाद न देणाऱ्या जातींचा शोध नेटाने सुरू झाला. तिन्ही तांबेऱ्यांना तोंड देणारी एन. पी. ८०९ ही जात १९५४ मध्ये बाहेर आली, आणि पुढे अशा जातींची मालिकाच निघाली. १९६४ मध्ये जबलपुरात कृषी विश्वविद्यालय स्थापन झाले, ते अधारतालाच्या परिसरात. दुर्गावतीच्या मंत्र्याने ज्या ठिकाणी पाणी अडवले असे म्हणतात, त्याच ठिकाणी आता गव्हाच्या जाती पारखल्या जातात आणि शेतकऱ्याला हवेचा अंदाज सांगितला जातो. पाल्याची रात्र येणार असे कळले, तर शेताला हलके पाणी द्यावे आणि वाऱ्याच्या बाजूला धूर करावा, हा सल्ला आज आगाऊ मिळतो.

गार मात्र आजही कोणाला अडवता आलेली नाही. १८८८ च्या एप्रिलमध्ये मुरादाबादेस गारांनी २४६ माणसे मारली. जगात गारपिटीचे एवढे बळी दुसरीकडे नोंदलेले नाहीत. २०१४ च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश यांच्यावर दिवसेंदिवस गारा कोसळत राहिल्या. गहू, हरभरा, द्राक्षे, डाळिंबे यांचा चिखल झाला. मग तलाठी आणि पटवारी शेताशेतावर गेले. नुकसान किती आणे याचा पंचनामा झाला. मध्यप्रदेशात राजस्व पुस्तक परिपत्राच्या सहा-चार या कलमान्वये मदत ठरते, आणि शेतकरी त्या परिपत्रकाला नुसते ‘सहा-चार’ म्हणून ओळखतो. २०१६ पासूनच्या पीक विम्यात गारपीट हे स्थानिक संकट मानले आहे. गार पडल्यापासून ७२ तासांच्या आत कळवले तर त्या एकट्या शेताचीही पाहणी होऊ शकते.

देवरीच्या श्रीमंतांना ही पाहणी पाहून काय वाटले असते? ज्या साखळीला त्यांनी अरिष्टाचे मूळ मानले, तीच साखळी आता अरिष्टानंतर शेतकऱ्याच्या दारी यावी म्हणून लोक वाट पाहतात. जमीन मोजणे हे पाप नव्हे, तसे ते आपोआप पुण्यही होत नाही. घेण्यासाठी मोजणारे हात नेहमी वेळेवर येतात, आणि देण्यासाठी मोजणाऱ्या हातांना पुष्कळदा उशीर होतो, हा अनुभव शेतकऱ्याच्या गाठी आहे. एका गावात गारा पडतात आणि शेजारचे गाव कोरडे राहते. त्या दोन गावांची सरासरी काढली तर बुडालेल्याच्या हाती काही पडत नाही. १८९० च्या दशकात चांगल्या वर्षांची सरासरी काढून जसे देणे ठरले, तसेच वाईट वर्षाची सरासरी काढून येणे ठरू लागले, तर जुनीच चूक उलट्या बाजूने झाली असे म्हणावे लागेल.

पश्चिमी विक्षोभ येत राहतील. हवेलीच्या बऱ्याच शेतांत आता बांधलेल्या पाण्याच्या जागी नळकूप आणि कालवे आले आहेत, हिवाळ्यात वाटाणा होतो, भातही होतो. तरी माघातल्या आभाळाकडे पाहण्याची सवय सुटलेली नाही. मावठा हा शब्द त्या मुलुखात अजून आशेनेच उच्चारला जातो. तो तसाच राहावा असे वाटत असेल, तर ज्या वर्षी हा पाहुणा घर मोडून जाईल, त्या वर्षी घर पुन्हा उभारायला लागणारा अवधी आणि बियाणे शेतकऱ्याला पेरणीच्या आत मिळाले पाहिजे. १८९४ च्या हिवाळ्यात जबलपूरला एवढेच हवे होते.